ट की ड

नाटकात दोघं होते. पांढरे शर्ट, छातीवर काळी पाटी,
सायकलींना स्टँड नाही म्हणून एकमेकींना टेकवलेल्या.
पहिलाच हशा असा, की भर दुपारी दोन वाजता
पुण्यात कुणाची बेल वाजवणारा माणूस
एक तर वेडा, नाहीतर खरोखरच देवानं पाठवलेला.

मी हसले. तिसऱ्या रांगेत, भाचीनं दिलेल्या पासवर.
शेजारी ब्रदर रणपिसे
इस्त्रीच्या रुमालासारखे बसलेले, घडी न मोडता.

रविवारी फातिमानगरच्या दुसऱ्या मजल्यावर
पाव मोडून झाला, पाण्याचे इवले पेले फिरून आले,
मग खुर्च्या गोल झाल्या आणि आमची शाखा भांडायला बसली.
आमच्या मंडळीला शाखाच म्हणतात.
घरमालक सहा महिने विचारत होते, मैदान कुठलं तुमचं?

रणपिसे म्हणाले, पत्र लिहू. प्राचार्यांना, परीक्षकांना प्रत.
आपण अठ्ठेचाळीस जण, म्हणून यांची हिंमत.
ओजस्वी पाटोळे नुकतीच मिशनवरून परतलेली. म्हणाली,
पण त्यांनी दार आपटलं ना, तो आवाज खरा होता हो.
त्यांच्यातल्या कुणीतरी कधीतरी
दार उघडून आपल्याकडे नीट बघितलंय.
तिचा भाऊ म्हणाला, अंतिम फेरीला सगळेच जाऊ,
पांढऱ्या शर्टात, पहिल्या रांगेत. तेच घाबरतील.
यावर थोडं हसू झालं.
मग एस्तेर साळवी हळूच म्हणाली,
आतल्या कपड्यांवर बोलायला नको होतं.
ती ते साडीखाली झाकून वाळत घालते, चाळीत राहते.
मग कुणीच हसलं नाही.

तुमचं काय, मला विचारलं. मी म्हटलं, घसा बसलाय.

शेवटच्या प्रसंगात निळं पिंप होतं.
मेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा.
तो बुचकळून वर आला, नाकातोंडातून पाणी,
आणि म्हणाला, सगळं ठीक आहे हो,
पण वर चहा मिळतो का?
सभागृह कोसळलं.

माझे वडील एकतीस वर्षं भवानी पेठेत
पितळी भांड्यात पळी फिरवत उभे होते.
बोटांना आल्याचा वास, तो साबणानं जायचा नाही.
मी चहा सोडला ते त्यांनी ऐकलं
आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
ते गेल्यावर पतपेढीचं कर्ज काढून मी हाँगकाँगला गेले.
पुरुषासाठी पुरुषानंच पाण्यात उतरायचं,
म्हणून माझा निनाद उतरला, सोळा वर्षांचा.
नाव वाचणारे ब्रदर चिनी. ज्ञानोबातल्या ज्ञ वर ते अडले,
पुन्हा अडले, घाम पुसला,
शेवटी नानोबा म्हणाले आणि पोर पाण्याखाली गेलं.
हसू मला पहिल्यांदा तिथे आलं होतं.
त्या पवित्र जागी, ओठ चावून.
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

स्टेजवरच्या त्या ओल्या पोरानं
नसलेली बशी तीन बोटांवर धरली होती.
अगदी तशी.
त्याला कुणी सांगितलं असेल?

पत्र तपासायला माझ्याकडेच आलं, मी मुद्रितशोधक.
रणपिशांनी लिहिलंय,
आमच्या श्रद्धेची विडंबना झाली आहे.
ड चा ट केला, तर विटंबना.
शेवटचा काना काढला, तर विडंबन, म्हणजे नुसती थट्टा.
शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल करून ठेवलाय.
सोमवारी देते म्हटलं होतं. आज गुरुवार.

येताना कोपऱ्यावर भांडं उकळत होतं.
मी थांबले, चांगली पाच मिनिटं.
वास घ्यायला बंदी नाही, ब्रदर रणपिसे.
की तेही पत्रात घालायचं?